पाठवणारा कोण?

इंटरनेटवर प्रत्येक डोमेनच्या नावे एक साधी नोंद ठेवता येते: या नावाची पत्रं अमुक सर्व्हरवर पोचवा. तिला एमएक्स नोंद म्हणतात. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी तिचे नियम लिहिले आणि तेव्हापासून ती बिनतक्रार चालू आहे. तिची जुळी बहीण, म्हणजे या नावाची पत्रं कोणकोणत्या सर्व्हरवरून निघतात हे सांगणारी नोंद, रीतसर प्रसिद्ध व्हायला मात्र एप्रिल २००६ उजाडला. मधली वीस वर्षं कुणीही कुणाच्याही नावानं पत्र टाकू शकत होतं. स्पॅमच्या पुरातला मोठा लोंढा या उघड्या दारातून आत आला. ते दार कुणी, कसं आणि किती भांडून लोटलं याची हकिकत मला फार मोलाची वाटते, कारण त्या भांडणात ईमेल एका कंपनीच्या परवान्याखाली जाता जाता वाचलं.

धोका कुणालाच दिसला नव्हता असं नाही. नोव्हेंबर १९७५ मध्ये, इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्याच्या काळात, जॉन पोस्टेल यांनी जेमतेम एका पानाचं टिपण लिहिलं. आरएफसी ७०६ हा त्याचा क्रमांक आणि विषय नकोशा टपालाचा. पोस्टेल यांचं म्हणणं असं की, जाळ्याच्या रचनेत आलेला निरोप नाकारायची सोयच नाही. एखादा संगणक बिघडला आणि निरोपांचा भडिमार करू लागला, तर घेणाऱ्याला ते सगळे वाचावेच लागतात. तेव्हा त्रास देणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही, असं म्हणता आलं पाहिजे.

अडीचच वर्षांनी, मे १९७८ च्या सुरुवातीला, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विपणन अधिकारी गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण सुमारे ४०० जणांना एकदम पाठवलं. पत्ते छापील डिरेक्टरीतून उतरवून घेतलेले. ते इतके होते की पत्त्यांच्या जागेत मावले नाहीत आणि उरलेले मजकुरात सांडले. ओरड झाली, समज दिली गेली, आणि विषय मिटला. माणसं एकमेकांना ओळखत होती आणि थर्क यांनी स्वतःचं नाव लपवलं नव्हतं, म्हणून तो मिटू शकला.

ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांनीच टपालाची बोली लिहून दिली. एसएमटीपी, आरएफसी ८२१. आजही जगातलं ईमेल याच बोलीत बोलतं. मी शिकत होते तेव्हा हे संभाषण हातानं टाइप करून पाहिलं होतं. टेलनेट या प्रोग्रॅमनं समोरच्या सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टला जोडून घ्यायचं. 'हेलो' लिहून आपलं नाव सांगायचं. इंग्रजीत त्यातला एक एल गाळलेला, कारण त्या बोलीतली प्रत्येक आज्ञा चार अक्षरी. समोरून २५० हा आकडा येतो, म्हणजे ठीक आहे. मग 'मेल फ्रॉम', म्हणजे पाठवणारा कोण, २५०. मग कुणाला द्यायचं ते, २५०. मग 'डेटा' म्हणायचं, मजकूर लिहायचा आणि शेवटी एका रिकाम्या ओळीवर एकटं टिंब ठेवायचं. २५०, पत्र स्वीकारलं. मी त्या दिवशी माझ्याच सरांच्या नावानं मलाच पत्र पाठवलं. मिनिटभरात ते माझ्या पेटीत येऊन पडलं, सरांचं नाव, सरांचा पत्ता, सगळं खरं वाटावं असं. गंमत वाटायला हवी होती, पण पोटात गोळा आला. चार वेळा 'ठीक आहे' म्हणणाऱ्या त्या सर्व्हरनं एकदाही विचारलं नव्हतं की हे तुम्हीच का.

यात पोस्टेल यांचा दोष आहे असं मला वाटत नाही. साध्या टपालातही पाकिटामागचं 'प्रेषक' कुणी तपासत नाही. फरक इतकाच की तिथे प्रत्येक पाकिटाला तिकीट लागतं, आणि इथे लाख पाकिटांचाही खर्च जवळपास शून्य.

उपाय जिथे सापडला ती जागा तोवर तयार होत होती. सुरुवातीला सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असत आणि ती कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या विभागाकडे ठेवलेली असे. जाळं वाढलं तसं ते झेपेना. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. हे गावचं दप्तरच, पण तलाठ्याविना. प्रत्येक नावाचं आपलं पान. त्यावर लिहायचा हक्क त्या नावाच्या मालकाचा आणि वाचायचा हक्क साऱ्या जगाचा. नावावरून पत्ता शोधायला बांधलेलं हे दप्तर पुढे ओळख पटवायच्या कामी येईल, असं तेव्हा कुणाच्या मनातही नसावं.

नव्वदच्या दशकात टपाल वाहणारे सर्व्हर दिलदार होते. आपल्या गावचं नसलेलं पत्रही ते घेत आणि पुढे पोचवत. जोडण्या भरवशाच्या नव्हत्या, त्यामुळे वाटसरूचं ओझं उचलणं हा शेजारधर्म होता. एरिक ऑलमन यांचा सेंडमेल हा सर्वत्र चालणारा प्रोग्रॅम मुळात याच स्वभावाचा. स्पॅम पाठवणाऱ्यांनी हा शेजारधर्म ओरबाडला. एखाद्या विद्यापीठाचा उघडा सर्व्हर शोधायचा, एक पत्र आणि दहा हजार पत्ते त्याच्या गळ्यात मारायचे आणि निघून जायचं. रात्रभर राबायचा तो सर्व्हर आणि सकाळी शिव्या खायचा त्याचा प्रशासक. १९९८ मध्ये सेंडमेलच्या ८.९ आवृत्तीनं परक्याचं टपाल वाहणं मुळातच बंद ठेवलं. इंटरनेटचा एक भोळा काळ त्या दिवशी संपला.

त्याच्या आदल्या वर्षी पॉल व्हिक्सी यांनी एक यादी सुरू केली होती. डीएनएसचा सर्वाधिक वापरला जाणारा प्रोग्रॅम, बाइंड, वर्षानुवर्षं सांभाळणारे हेच व्हिक्सी. स्पॅम पाठवणाऱ्या किंवा पाठवू देणाऱ्या सर्व्हरांचे पत्ते यादीत, आणि ज्याला हवं त्यानं ती पाहून ठरवावं. पहिल्यांदा ती राउटरांसाठी होती. मग त्यांचे सहकारी एरिक झीगास्ट यांनी ती डीएनएसवर आणली, आणि ही युक्ती मला आजही सुंदर वाटते.

समजा १९२.०.२.२५ या पत्त्यावरून कुणी दार ठोठावलं. आपला सर्व्हर तो पत्ता उलटा करतो, २५.२.०.१९२, त्यापुढे यादीचं डोमेन जोडतो आणि डीएनएसला विचारतो की या नावाचा संगणक कुठे आहे. असा संगणक नसतोच. 'असं नाव नाही' हे उत्तर आलं तर पाहुणा स्वच्छ. '१२७.०.०.२' असं आलं तर तो यादीत आहे. १२७ नं सुरू होणारे पत्ते म्हणजे ज्याचा त्याचा स्वतःचाच संगणक. बाहेर तिथे कुणी जात नाही, म्हणून ते खूण म्हणून वापरायला मोकळे. पत्ता सांगण्यासाठी बांधलेली व्यवस्था निकाल सांगू लागली, तेही क्षणार्धात, जगातल्या कुठल्याही सर्व्हरला आणि नवं यंत्र न बसवता.

अशा याद्या पुढे पुष्कळ झाल्या. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये सुरू केलेली स्पॅमहाउस त्यांत सर्वांत टिकाऊ ठरली. यादीत नाव गेलेल्या एका अमेरिकी जाहिरात कंपनीनं स्पॅमहाउसला इलिनॉयच्या न्यायालयात खेचलं आणि २००६ मध्ये एकतर्फी निकालात १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई मिळवली. अपिलं होत होत २०११ मध्ये ती रक्कम तीन डॉलरवर आली. याद्यांनी निरपराधांनाही भाजलं, हे मी अनुभवानं जाणते. शेजारच्या पत्त्यावरचा भाडेकरू स्पॅम पाठवतो आणि साऱ्या आळीला कुलूप लागतं. तरीही माझं मत याद्यांच्याच बाजूचं आहे. यादी कुणावर लादलेली नव्हती. ज्याच्या दारात पत्र येतं त्यानं कुणाचं ऐकायचं, हे तोच ठरवत होता. पोस्टेल यांनी १९७५ मध्ये मागितलेला नकाराचा हक्क तो हाच.

पण यादी पत्त्याविषयी बोलते, नावाविषयी नाही. जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेत जो नावाच्या गृहस्थांनी आपल्या संकेतस्थळावरून एका स्पॅमवाल्याचं खातं काढून टाकलं. त्यानं सूड म्हणून त्यांच्याच नावानं जगभर स्पॅम पाठवला. संतापलेल्या लोकांनी जो यांच्यावरच हल्ले चढवले. तेव्हापासून या प्रकाराला 'जो जॉब' म्हणतात.

२००३ च्या पावसाळ्यात आमच्यावर हीच पाळी आली. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेचा मेल सर्व्हर तेव्हा मी सांभाळत असे. एका सोमवारी सकाळी पाहते तर पेटी परतीच्या पत्रांनी तुंबलेली: 'आपण पाठवलेलं पत्र पोचू शकलं नाही.' कधी न पाठवलेली पत्रं, कधी न ऐकलेले पत्ते, औषधांच्या जाहिराती आणि प्रेषक म्हणून आमच्या संस्थेचं नाव. खालून नवी येत होती आणि मी वरून पुसत होते. संस्थेचे सचिव, सत्तरीचे गृहस्थ, शेजारी उभे राहून म्हणाले, "अहो, पण आपण हे पाठवलेलं नाही, हे त्यांना सांगायची काही सोय नाही का?" नव्हती. आमची पत्रं कुठे द्यावीत, हे आम्ही साऱ्या जगाला सांगू शकत होतो. आमची पत्रं कुठून निघतात, हे सांगायला दप्तरात रकानाच नव्हता.

नेमका तो रकाना उघडायची खटपट तेव्हा चालू होती. २००२ मध्ये व्हिक्सी यांनी एक छोटा मसुदा मांडला होता. जर्मनीतले हादमुत दानिश यांनी 'उलटी एमएक्स' अशी सरळ कल्पना लिहिली, गॉर्डन फेसिक यांनी तिची आणखी एक तऱ्हा. जून २००३ मध्ये मेंग वेंग वाँग यांनी या दोन्ही एकत्र आणल्या. ईमेल पुढे पाठवून देणारी पोबॉक्स ही सेवा त्यांचीच. या सगळ्यातून एसपीएफ उभं राहिलं. डोमेनच्या मालकानं आपल्या पानावर एक ओळ लिहायची: आमच्या एमएक्स सर्व्हरवरून आणि या अमुक पत्त्यावरून आलेलं पत्र आमचं. ओळीच्या शेवटी 'बाकी सगळे' या अर्थाचा शब्द आणि त्याच्या आधी एक चिन्ह. उणे चिन्ह म्हणजे बाकीचे आमचे नव्हेत, खुशाल नाकारा. नागमोडी चिन्ह म्हणजे बहुधा आमचे नव्हेत, पण घ्या आणि संशयानं पाहा.

बहुतेकांनी नागमोडी चिन्ह घातलं. आम्हीही. संस्थेचे दोन विश्वस्त घरून, घरच्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवरून संस्थेच्या नावानं पत्रं पाठवत; उणे घातलं असतं तर त्यांचीच पत्रं अडली असती. शिवाय एसपीएफमध्ये एक खोल अडचण होती. एका पत्त्यावर आलेलं पत्र जसंच्या तसं दुसऱ्या पत्त्यावर पाठवून दिलं की मधला सर्व्हर त्या ओळीबाहेरचा ठरतो, आणि खरं पत्रही खोटं दिसतं.

जानेवारी २००४ मध्ये दावोसला बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल असं जाहीर केलं. महिन्याभरात मायक्रोसॉफ्टनं आपली योजना पुढे आणली, कॉलर आयडी. तिच्यातला तांत्रिक मुद्दा खरा होता, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. एसपीएफ पाकिटावरचा प्रेषक तपासतं. पण वाचणाऱ्याला पाकीट दिसतच नाही, त्याला दिसतं ते आतल्या कागदाच्या माथ्यावरचं नाव. पाकिटावर एक आणि कागदावर दुसरं नाव घालायला कुणाची आडकाठी नव्हती. मायक्रोसॉफ्टची योजना कागदावरचं नाव तपासू पाहत होती. दोन्ही योजनांचा मिलाफ करून 'सेंडर आयडी' तयार झाली, आणि इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफनं या कामासाठी मारिड नावाचा गट नेमला.

तो उन्हाळा वादात गेला. कागदावरच्या नावांपैकी जबाबदार प्रेषक कोणता, हे ठरवायच्या पद्धतीवर मायक्रोसॉफ्टनं पेटंटसाठी अर्ज केला होता. वापर फुकट, असं कंपनी म्हणत होती. पण त्यासाठी तिच्याशी परवान्याचा करार करावा लागणार होता, आणि तो परवाना पुढच्या माणसाला देता येणार नव्हता. मुक्त सॉफ्टवेअरचा प्राणच असा की ज्याच्या हाती ते येतं तो ते बदलू शकतो आणि पुढे देऊ शकतो. जगातल्या कित्येक मेल सर्व्हरांवर हेच सॉफ्टवेअर चालत होतं. २ सप्टेंबर २००४ ला अपाची फाउंडेशननं, स्पॅमअसॅसिन ही चाळणी जिच्या छत्राखाली आहे त्या संस्थेनं, या अटींवर सेंडर आयडी वापरणार नसल्याचं कळवलं. दोनच दिवसांनी डेबियन या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानंही तसंच कळवलं. सहमती होईना. २२ सप्टेंबरला मारिड बरखास्त झाला, स्थापनेपासून जेमतेम सहा महिन्यांत.

त्या वेळच्या बातम्यांत ही फजिती म्हणून रंगवली गेली. मला ती फजिती वाटत नाही. स्पॅमनं सगळे इतके कावले होते की कुठलाही उपाय पदरात पडला तर घ्यावा अशीच मनःस्थिती होती. मी स्वतः त्यांतली होते. अशा वेळी पगारी वकिलांची फौज नसलेली दोन मंडळं उभी राहिली आणि म्हणाली की पत्रावर सही कुणाची हे ओळखण्यासाठी कुणाच्या परवानगीचा कागद लागता कामा नये. एप्रिल २००६ मध्ये एसपीएफ आणि सेंडर आयडी दोन्ही 'प्रायोगिक' म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टनं पेटंटचा हट्ट सोडला. तोवर लोक एसपीएफकडे वळले होते. २०१४ मध्ये ते प्रमाण म्हणून पुन्हा लिहिलं गेलं. सेंडर आयडी विस्मरणात गेली.

सहीचा प्रश्न याहूकडच्या मार्क डिलेनी यांनी दुसऱ्या टोकानं सोडवला. पाठवणारा सर्व्हर प्रत्येक पत्रावर गणिती सही करतो. ती पडताळायची किल्ली डोमेनच्या डीएनएस पानावर जाहीर टांगलेली. पत्र कितीही हातांतून फिरलं तरी मजकूर तोच असेल तर सही जुळते. याहूकडेही पेटंट होतं, पण मुक्त सॉफ्टवेअरला मोकळेपणानं वापरता येईल असा परवाना तिनं दिला. सिस्कोच्या तशाच योजनेशी मिळून मे २००७ मध्ये डीकेआयएम प्रसिद्ध झालं. लेखकांत पहिलं नाव एरिक ऑलमन यांचं. दिलदार सेंडमेलच्या जनकानंच ही मोहोर घडवायला हात लावला, याचं मला अप्रूप आहे.

किल्ली टांगली म्हणजे ती मजबूत असतेच असं नाही. जॅकरी हॅरिस या गणितज्ञाला गुगलकडून नोकरीविषयी पत्र आलं. त्यांनी डीएनएसमधली किल्ली पाहिली तर ती ५१२ बिटांची, म्हणजे फोडता येण्याजोगी. ही आपली परीक्षाच असणार असं समजून त्यांनी भाड्याच्या संगणकांवर ती सुमारे ७५ डॉलरांत आणि तीन दिवसांत फोडली, आणि गुगलच्या एका संस्थापकाच्या नावानं दुसऱ्याला पत्र धाडलं. उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी किल्ली मात्र २०४८ बिटांची झाली होती. २०१२ मध्ये ही गोष्ट जाहीर झाल्यावर कित्येकांनी घाईघाईनं आपापल्या किल्ल्या बदलल्या.

त्याच वर्षी जानेवारीत गुगल, याहू, मायक्रोसॉफ्ट, पेपाल आणि इतरांनी मिळून डीमार्क आणलं. कागदावरचं नाव आणि तपासलेलं नाव जुळलं पाहिजे, नाही जुळलं तर काय करायचं ते डोमेनच्या मालकानं डीएनएसमध्ये लिहून ठेवायचं, आणि रोज कुणी किती तोतयेगिरी केली याचा अहवाल मालकाला मिळायचा. मायक्रोसॉफ्टचा २००४ चा खरा मुद्दा असा पेटंटाविना मार्गी लागला.

एप्रिल २०१४ मध्ये याहूनं आपल्या पत्त्यांसाठी 'नाकारा' ही कडक ओळ लिहिली. चोरीला गेलेल्या पत्त्यांच्या वह्या वापरून तिच्या ग्राहकांच्या नावानं स्पॅम चालला होता. रात्रीत जगभरचे ईमेल-गट कोलमडले, कारण गटाचा सर्व्हर पत्राला तळटीप जोडतो आणि सही मोडते. आपल्याकडे कित्येकांचा पहिला ईमेल पत्ता याहूचाच. त्यांची पत्रं गटातल्या इतरांकडे पोचेनात आणि कारण कुणालाच कळेना. ती कळ अजून पूर्ण गेलेली नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं या नोंदी सक्तीच्या केल्या. जीमेलला दिवसाला ५००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्याकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवेत. आणि पाठवणारा लहान असो की मोठा, त्याच्या पत्त्याची उलटी डीएनएस नोंद हवी. ही उलटी नोंद लाइन देणाऱ्या कंपनीच्या हाती असते. आमच्या त्या जुन्या सर्व्हरसाठी ती मिळवायला मला पाच महिने खेटे घालावे लागले होते. छोट्या सर्व्हरांची दमछाक यानं वाढली आहे. सगळ्या नोंदी चोख असूनही मोठ्यांच्या दारात त्यांची पत्रं स्पॅमच्या टोपलीत पडतात, आणि हे मला खुपतं. तरी नियम सगळ्यांसमोर आहेत, आणि ते पाळायला कुणाशी करार करावा लागत नाही.

आमची संस्था काही वर्षांपूर्वी बंद झाली. डोमेनचं नाव मी आजही दर वर्षी पैसे भरून ठेवते, ते कुणा लबाडाच्या हाती लागू नये म्हणून. शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद करण्याआधी मी त्याच्या पानावर दोन नोंदी केल्या. एसपीएफच्या ओळीतून सगळे पत्ते काढले, नागमोडी चिन्ह पुसलं आणि तिथे उणे घातलं: या नावानं आता कुणीही पत्र पाठवत नाही. एमएक्सच्या रकान्यात, २०१५ च्या नियमाप्रमाणे, सर्व्हरच्या नावाऐवजी एकटं टिंब ठेवलं: आणि कुणाचं पत्र घेतही नाही. मग दुसऱ्या संगणकावरून दोन्ही नोंदी विचारून पाहिल्या. दोन्हींची उत्तरं बरोबर आली.